जुन्या पेठेची नोंद करायची तर आधी माळवदावर चढा

मराठवाड्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, जुनी पेठ विचारावी लागत नाही. वेशीतून आत शिरलं की रस्ता आखडतो, दोन्ही बाजूंनी दुकानांचे ओटे पुढं येतात, आणि फ्लेक्सच्या पाट्यांच्या वर नजर नेली की सागवानी सज्जा, महिरपी खिडक्या, चुन्यात काढलेली वेलबुट्टी दिसायला लागते. पैठण, अंबाजोगाई, उदगीर, औसा, परंडा, धारूर, कंधार, सेलू, सगळीकडं कमी-अधिक हेच चित्र. आणि सगळीकडं दर उन्हाळ्यात यातलं काहीतरी पाडलं जातं.

पाडणाऱ्या घरमालकाला दोष देणं सोपं आहे, पण त्याच्या घरात पावसाळ्यात एकदा बसून बघा. माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, गळतं, भिंत दिवाळीपर्यंत ओली राहते, भिंतीत गेलेलं तुळईचं टोक कुजतं, मग एक दिवस गिलाव्याचा पापुद्रा ताटात पडतो. त्यानंतर कुणी ठेकेदार भेटतो आणि म्हणतो, पाडून स्लॅब टाकू. माझं म्हणणं एवढंच आहे की वाड्याचा शेवट बहुतेक वेळा छतावर सुरू होतो. म्हणून नोंदही तिथूनच सुरू करावी. कोरीव दरवाजाच्या फोटोपासून सुरू झालेली नोंद मोबाईलमध्येच संपते. गळती कुठं आहे हे सांगणारी नोंद मालकाच्या उपयोगी पडते, आणि मालकाला उपयोग असेल तरच वाडा उभा राहतो.

खाली दिलेली पद्धत चार-पाच जणांच्या गटाला जमण्यासारखी आहे. त्यात एखादा गवंडी किंवा सुतार असावा, एक बाई असावीच, आणि गावातला एखादा निवृत्त शिक्षक असला तर फारच उत्तम. दसरा झाला की कामाला लागा. पावसाचे डाग तेव्हा ताजे असतात आणि छत वाळलेलं असतं.

आधी एकच लाईन घ्या

सगळी पेठ एकदम घ्यायला गेलात तर काम अर्ध्यावर सुटेल. कापड लाईन, सराफा लाईन, भुसार लाईन, यातली एक निवडा. दोन्ही बाजू मिळून पंचवीस-तीस इमारती पहिल्या हंगामाला पुष्कळ झाल्या. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून गावठाणाच्या नगर भूमापन नकाशाची प्रत काढा. प्रत्येक मिळकतीला नगर भूमापन क्रमांक असतो. तुमच्या वहीतही तोच क्रमांक वापरा, स्वतःचे नवे क्रमांक पाडू नका. पुढं नगरपरिषदेत, कोर्टात, बँकेत जिथं कुठं ही नोंद लागेल तिथं हाच क्रमांक चालतो. नगर भूमापन झालेलं नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपंचायतीचा घर क्रमांक घ्या.

नकाशा हातात आला की पेठेची रचनाही कळते. लातूरच्या गंजगोलाईसारखी आखून केलेली पेठ वेगळी. तिथं मध्ये गोल इमारत, आत अंबाबाईचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. लहान गावांची पेठ अशी आखलेली नसते. वेस, चावडी, देऊळ, मशीद, गढी यांच्यामध्ये ती वाकत-वळत वाढलेली असते, आणि मोंढा, म्हणजे धान्याचा घाऊक बाजार, बहुधा नंतर गावाबाहेर गेलेला असतो. या खुणा नकाशावर आधी मांडून घ्या. कुठल्या घराचं तोंड कुणाकडं आहे याचा अर्थ मग लागायला लागतो.

दारात काय बोलायचं

“काका, तुमच्या वाड्याचा फोटो काढू का?” असं विचारलं की पहिला संशय येतो: हे लोक रस्तारुंदीकरणाचे की नगरपरिषदेचे की दलाल? “काका, माळवद कुठं गळतंय? बघू का जरा वर जाऊन?” असं विचारा. हा प्रश्न ऐकून दार न उघडणारा माणूस क्वचितच असेल. आणि घरातल्या बाईला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यात पातेलं ठेवावं लागतं हे तिला पाठ असतं. “ह्या खांबाजवळ, आन् बळदाच्या अंगाला,” असं ती बोट करून सांगते (बळद म्हणजे धान्य साठवायची जागा) आणि तुमचं अर्धं काम होतं. गटात बाई हवी ती याचसाठी. स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली पाहणं तिच्याशिवाय जमत नाही.

काही गोष्टी आधीच स्पष्ट सांगा आणि पाळा. देवघर, तिजोरी, घरातल्या माणसांचे चेहरे यांचे फोटो विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. वाटणीचा वाद कानावर आला तरी वहीत उतरवायचा नाही. आणि कोरीव दरवाजा, खांब, गणेशपट्टी कुठल्या घरात आहे हे पत्त्यासकट उघड्यावर टाकायचं नाही. जुन्या लाकूडकामाला शहरात गिऱ्हाईक आहे. बंद वाड्यांचे दरवाजे चौकटीसकट उचलून नेले जातात. आपल्या यादीनं चोराला वाट दाखवू नये.

माळवद

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या.

चढण्याआधी खालून बघा. तुळईला झोळ पडलेला असेल, तडा गेलेला असेल किंवा किलच्या (मातीखालच्या लाकडी चिरफळ्या) मोडून माती डोकावत असेल तर वर जाऊ नका. शेजारच्या गच्चीवरून पाहा. सगळं ठीक दिसलं तरी वर चालताना भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवरून चाला, खणाच्या मध्यावर गर्दी करू नका.

माळवद म्हणजे लाकडी सांगाड्यावरचं मातीचं सपाट छत. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या लगी, त्यावर किलच्या किंवा फळ्या, मग पाला-चिपाडांचा थर, वर चिखल, आणि सगळ्यात वर पांढरी माती. पाणी पन्हाळीकडं जावं असा हलका उतार दिलेला असतो. ही माती उन्हाची धग अडवते. एप्रिल-मेमध्ये माळवदाखाली बसलेल्या माणसाला पंख्याची आठवण होत नाही, हे पत्र्याखाली राहणाऱ्यांना विचारा.

पण दर उन्हाळ्याच्या शेवटी माळवदावर नवी माती टाकायची रीत आहे, आणि जुनी मात्र कुणी काढत नाही. दोन-तीन पिढ्यांत थर दीड-दोन फुटांवर जातो. हिशेब करून बघा: शंभर चौरस फुटांवर एक फूट माती म्हणजे एक ब्रास. वजन कोरडी असताना साधारण साडेचार टन, भिजल्यावर त्याहून जास्त. चार खांबांच्या डोक्यावर हे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिवच्या गावांमध्ये माणसं मेली ती मुख्यतः जाड दगडी भिंती आणि या मातीच्या ओझ्याखाली. ज्या घरांत माळवद लाकडी खांबांवर पेललेलं होतं, तिथं भिंती कोसळूनही काही ठिकाणी सांगाडा उभा राहिलेला दिसला. तेव्हापासून लोकांनी माळवदाचा धसका घेतला तो अगदी रास्त आहे. म्हणून थराची जाडी हा तुमच्या नोंदीतला पहिला आकडा असला पाहिजे. पन्हाळीच्या तोंडाशी किंवा साण्याच्या (उजेडासाठी छतात ठेवलेल्या झरोक्याच्या) कडेला माती उघडी दिसते. तिथं टेप लावून मोजा.

मग पन्हाळी. किती आहेत, किती बुजल्या आहेत, पाणी भिंतीपासून दूर पडतं की भिंतीवरूनच ओघळतं. भिंतीवर काळा-हिरवा पट्टा दिसला की उत्तर मिळालं. कठड्याच्या सांध्यात पिंपळ, वड, उंबर उगवलेत का ते बघा. बोटाएवढं रोप मुळासकट निघतं, ते मालकाला विचारून तिथल्या तिथं काढा. मनगटाएवढं झालं असेल तर ओढू नका, भिंतच हातात येईल. ते कापून, मुळं मारून, नंतर सांधा चुन्यानं भरावा लागतो.

माळवदावर पत्र्याचं छप्पर आधीच टाकलेलं असेल तर त्याचे खांब कशावर टेकलेत ते पाहा. खालच्या खांबाच्या बरोबर वर किंवा भिंतीवर टेकलेले असतील तर बरं. तुळईच्या मध्यावर टेकलेले असतील तर लाल शाईनं लिहा.

खाली उतरा: खण, खांब, भिंत

घराचं माप खणांत घ्या आणि फुटांतही. दोन तुळयांमधला पट्टा म्हणजे एक खण. जुन्या खरेदीखतांत घर “पाच खण माळवद” असंच लिहिलेलं सापडतं, त्यामुळं कागद आणि जागा जुळवताना खणच कामाला येतात. चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक फूट धरून नकाशा काढा. दरवाजा, ढेलज, ओसरी, चौक, सोपा, माजघर, बळद, आड, परसदार, सगळं त्यात यावं. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्णही मोजा. जुनी खोली काटकोनात असेलच असं नाही, आणि कर्ण घेतले नाहीत तर घरी बसून काढलेला नकाशा जुळत नाही. भिंतीची जाडी दाराच्या कमानीत मोजता येते. अडीच-तीन फूट सहज निघते.

लाकूड तपासायला दोनच जागा महत्त्वाच्या: खांबाचा पाय जिथं खालच्या दगडावर, तळखड्यावर, टेकतो ती, आणि तुळईचं टोक जिथं भिंतीत शिरतं ती. लाकडी हातोडीच्या दांड्यानं ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर पेचकस टोचून बघा. तो सहज आत गेला तर टोक गेलं. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवरून वर चढताना दिसतात. त्या वाळक्या आहेत की ओल्या, हे फोडून पाहा. ओली असेल तर वाळवी आजही खातेय.

दगडी भिंतीचं दुखणं निराळं. बाहेरून घडीव काळा दगड, आतून ओबडधोबड दगड, मध्ये माती आणि चिपा, अशा दोन पदरांची भिंत असते. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसतील आणि आत पाणी शिरलं, तर बाहेरचा पदर सुटून भिंतीला पोट येतं. ओळंबा सोडा आणि पोट किती इंच पुढं आलंय ते लिहा. तड्यावर दोन्ही बाजूंना चिटकेल अशी चुन्याची किंवा पीओपीची पट्टी ओढून तारीख टाका. पुढच्या वर्षी पट्टी फुटलेली दिसली तर भिंत अजून सरकतेय.

दर्शनी भाग

आता फोटो. मोंढ्याच्या गावांत अमावास्येला बरीच दुकानं बंद असतात, रस्ता मोकळा मिळतो. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. पूर्वेकडं तोंड असलेली घरं सकाळी, पश्चिमेकडची दुपारनंतर. समोरच्या ओट्यावर उभं राहून, मोबाईल सरळ धरून, पूर्ण दर्शनी भागाचा एक फोटो घ्या. भिंतीला लागून एक-एक फुटाला रंगाचे पट्टे मारलेली काठी उभी करा, म्हणजे नंतर फोटोवरूनही माप काढता येतं. मग तपशील: हस्त (सज्जा पेलणारे कोरीव आधार), खांबावरची नक्षी, सज्ज्याचा कठडा, गणेशपट्टी, कडी-कोयंडा, दिंडी दरवाजा, अडसराचं भोक.

खालच्या मजल्यावर बहुतेक ठिकाणी शटर आलेलं असतं. तरीही एखाद्या दुकानाला अजून फळ्या सापडतात. खाचेत एकेक सरकवून बसवायच्या सुट्ट्या लाकडी फळ्या, प्रत्येकीवर क्रमाच्या कोरलेल्या रेघा, एक ते नऊ-दहा. शेवटच्या फळीला कडी आणि कुलूप. सकाळी मालक त्या उतरवून आतल्या भिंतीला उभ्या लावतो. हे दिसलं तर मालकाच्या परवानगीनं उघडण्या-लावण्याचा व्हिडिओ घ्या. ओटा, गादी, मागची वखार आणि वरचं राहतं घर ही सगळी व्यवस्था त्या एका कृतीतून समजते. शटर बसवलं की फळ्या सहसा सरपणात जातात.

वय ठरवताना घाई नको

“तीनशे वर्षांचा वाडा” हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. ऐकून घ्या, वेगळ्या रकान्यात लिहा, आणि पुरावा शोधा. चौकटीवर किंवा गिलाव्यात वर्ष कोरलेलं असेल तर ते कुठल्या गणनेतलं आहे हे आधी ओळखा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, शके १८२६ म्हणजे १९०४-०५. निजामाच्या राज्यातल्या फसली सनात साधारण ५९० मिळवायचे, फसली १३४० म्हणजे १९३०-३१. हिजरी सन चांद्र असल्यानं सरळ बेरीज चालत नाही. हिजरी १३२० म्हणजे १९०२-०३, एवढा टप्पा लक्षात ठेवला तरी अंदाज येतो.

सन नसेल तर साहित्य बोलतं. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि जालना, परभणी, नांदेड जोडले गेले. लातूरला बार्शी लाईट रेल्वे १९११ मध्ये पोचली. लोखंडी गर्डर, बिडाचे खांब, मंगलोरी कौलं, रंगीत काचा असा जड आणि नाजूक माल आतल्या गावांत मुबलक यायला लागला तो त्यानंतर. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उमटलेलं असतं, गर्डरच्या पोटावरही. त्यांचे फोटो घ्या. सिमेंटच्या भौमितिक पट्ट्या आणि कठड्यावर मालकाचं नाव व साल असलेला दर्शनी भाग बहुधा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावातला किंवा त्यानंतरचा. पण मागचा चौक त्याहून जुना असू शकतो. पैसा आला की लोक आधी तोंड बदलत. त्यामुळं एका घराला एकच वय देऊ नका. दर्शनी भाग, चौक, मागची इमारत, यांचं वय वेगवेगळं लिहा.

कागद

मिळकत पत्रिका, नगरपरिषदेची कर आकारणी नोंद किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि घरातली खरेदीखतं. १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीचे सरकारी कागद बहुधा उर्दूत असतात, रक्कम हाली रुपयांत, म्हणजे निजामाच्या चलनात, असते. त्याआधीचे खासगी कागद मोडीतही निघतात. इनाम असेल तर मुंतखब, म्हणजे इनामाबद्दलचा सरकारी निर्णयाचा कागद, निघतो. वाचणारा माणूस लगेच मिळाला नाही तरी हरकत नाही. कागद सपाट ठेवून, उजेडात, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि मूळ कागद मालकाच्या हातात परत द्या. लॅमिनेशन करू नका असं त्याला आवर्जून सांगा, कागदाचा नाश होतो.

खरेदीखतातली चतुःसीमा नीट उतरवून घ्या. पूर्वेला अमक्याचं घर, पश्चिमेला तमक्याची वखार, दक्षिणेला सरकारी रस्ता. चार-पाच घरांच्या एकाच काळातल्या चतुःसीमा शेजारी-शेजारी लावल्या की सबंध लाईन उभी राहते: कुठं रंगारी होता, कुठं तेलघाणा, कुठल्या बोळाची वाट पुढं बुजली. पेठेचा इतिहास लिहायला याच्याइतकं खात्रीचं साधन मला दुसरं दिसत नाही.

मालकाला काय द्यायचं

नोंद झाली की आठवडाभरात एक पानी कागद मालकाच्या हातात पडला पाहिजे: गळतीच्या जागा, मातीची जाडी, लाकडाची अवस्था, आणि पावसाळ्याआधी करायची कामं. पन्हाळी मोकळ्या करणं आणि लांब करणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी. मग जास्तीची माती उतरवणं. ती सगळीकडून थोडी-थोडी, समान काढायची, खाली टेकू देऊन. एक खण पूर्ण रिकामा आणि शेजारचा भरलेला असं करायचं नाही. किती थर ठेवायचा हे लाकूड पाहून अभियंत्यानं ठरवावं. प्लॅस्टिकचा कागद एका पावसाळ्यापुरता ठीक, वर्षानुवर्षं ठेवला तर आतली ओल लाकडात मुरते. पत्रा टाकायचाच असेल तर आधी माती कमी करा, आधार खांबांच्या रेषेत घ्या आणि पाणी भिंतीबाहेर टाका. मातीतल्या दगडी भिंतींवर आरसीसी स्लॅब मात्र नको.

भिंतीला सिमेंटचा गिलावा हाही तसाच घातक उपाय. वरून गुळगुळीत दिसतो, आत ओल कोंडते, आणि तुळईची टोकं कुजतात. चुना नीट विरवून, साधारण एकाला तीन वाळू धरून सांधे भरले की भिंत वाळते. पोट आलेली भिंत थोडी-थोडी उतरवून पुन्हा रचताना दर दोन फूट उंचीला आणि आडवं चार फुटांच्या आत एकेक आरपार दगड बसवायला गवंड्याला सांगा. भूकंपानंतर सांगितली गेलेली ही खबरदारी जुन्या दुरुस्तीतही तितकीच लागू आहे.

नगरपरिषदेत

पेठेतली बहुतेक घरं कुठल्याही संरक्षित यादीत नसतात. गावात केंद्र संरक्षित किल्ला किंवा देऊळ असेल तर त्याच्यापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. दुरुस्तीसाठीही सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. हे अंतर नकाशावर आखून ठेवा. बाकी पेठेसाठी वाट विकास आराखड्यातून जाते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात ऐतिहासिक आणि वास्तुदृष्ट्या महत्त्वाच्या इमारतींचं जतन हा आराखड्याचाच एक विषय धरलेला आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींची मुदत असते. तेव्हा भावनेचा अर्ज देऊ नका. नगर भूमापन क्रमांकांसह यादी, फोटो आणि नकाशा जोडा, आणि ज्या मालकांची तयारी आहे त्यांच्या सह्या घ्या.

एखाद्याला धोकादायक इमारतीची नोटीस आली तर ती शेवटपर्यंत वाचून दाखवा. पाडण्याबरोबरच दुरुस्त करणं किंवा सुरक्षित करणं हा पर्याय त्यात बहुधा असतो, आणि घाबरलेला माणूस तेवढंच वाचत नाही. अभियंत्याचा अहवाल आणि तुमच्या नोंदीतली मापं जोडून मुदतीत उत्तर द्या. मात्र इमारत खरंच पडायला आली असेल तर माणसं आधी बाहेर काढा, नोंद पुरेशी झाली आहे.

वहीच्या तीन प्रती करा: एक गावच्या सार्वजनिक वाचनालयात, एक नगरपरिषदेत, एक गटाकडं. वाचनालयाच्या प्रतीत मालकांची नावं आणि कोरीव कामाच्या जागा वगळा. दरवर्षी मे महिन्यात पन्हाळी आणि तड्यांवरच्या पट्ट्या पुन्हा तपासा, बदल तारखेसह लिहा, आणि मगच पुढची लाईन घ्या.